मिलासचा गालिचा पारखताना आणि आणताना

इस्तंबूलमध्ये जुना गालिचा घेऊन तो रीतसर मुंबईला आणायचे ठरवले, तेव्हा पहिली अडचण किमतीची नव्हती. सांस्कृतिक ठेवा ठरणाऱ्या वस्तू देशाबाहेर नेण्यास तुर्कस्तानात 1983 च्या कायद्याने बंदी आहे, आणि आपला गालिचा त्यात मोडत नाही असा संग्रहालयाच्या तज्ज्ञांचा दाखला जवळ नसेल तर तो विमानतळावर अडकू शकतो. म्हणून परंपरेतला, पण सरकारने ठेवून घ्यावा इतका दुर्मीळ नसलेला गालिचा मला शोधायचा होता.

दुकानांत शिरण्याआधी मी सुलतानअहमत चौकातील तुर्की व इस्लामी कला संग्रहालयात नजर तयार करून घेतली. कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीत 1905 मध्ये सापडलेले तेराव्या शतकातील, सेल्जुक या तुर्की राजघराण्याच्या काळचे गालिचे तेथे आहेत. मध्यभागी छोट्या आकृत्यांच्या रांगा आणि काठाला कूफी या जुन्या अरबी लिपीच्या अक्षरांच्या वळणाची भली जाड नक्षी, ही त्यांची ठेवण विसरता येत नाही. पश्चिम तुर्कस्तानातील उशाकचे तारे आणि पदके असलेले प्रशस्त गालिचे दरबारी थाटाचे आहेत. खेड्यांतील विणकर बायकांनी मात्र मेंढ्याची शिंगे, विंचू, कमरेवर हात ठेवून उभी असलेली स्त्री या आकृत्या सरळ आणि तिरप्या रेषांतच बसवल्या. मला उशाकच्या डौलापेक्षा हा रोखठोकपणा अधिक भावला आणि शोध नैर्ऋत्य तुर्कस्तानातील मिलास गावच्या नमाजी गालिच्यांवर येऊन थांबला. त्यांतील मिहराबाची, म्हणजे मशिदीत नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याची, कमान वर जाताना दोन्ही बाजूंनी आत दबते आणि माथ्याशी शंकरपाळ्यासारखा आकार उमटतो.

विक्रेत्याने पुढे टाकलेला गालिचा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, दीडशे वर्षांचा होता. मी तो उलटा करायला सांगितले, कारण गालिच्याची खरी हकीकत पाठीवर असते. ताणा लोकरीचा होता. घडी घालून लव, म्हणजे वर उभे राहणारे लोकरीचे धागे, फाकवली तेव्हा ताण्याच्या दोन धाग्यांना मिळून वेढा घातलेली तुर्की गाठ स्पष्ट दिसली. तपकिरी रेघांतील लव आजूबाजूच्या रंगांपेक्षा खाली बसली होती. लोहाचा अंश असलेल्या गडद रंगाने लोकर कालांतराने खाल्ली जाते, आणि ही झीज कानशीने घासून इतकी नेमकी आणता येत नाही. लाल रंग मंजिष्ठेच्या कुळातील मुळांचा असावा, कारण त्याच्या छटा आडव्या पट्ट्यांनी हलकेच बदलत होत्या. पण एका कोपऱ्यातील फुले वरून राखाडी आणि मुळाशी भडक जांभळी होती. सुरुवातीचे कृत्रिम रंग असेच उजेडात उडून जातात, आणि ते 1856 नंतरच निघाले. अनातोलियाच्या, म्हणजे आशियाई तुर्कस्तानाच्या, खेड्यांत पोहोचायला त्यांना आणखी काही दशके लागली. दीडशे वर्षांचा दावा तेथेच लंगडा पडला, आणि भावही उतरला.

खरी गंमत पुढे झाली. दाखल्याचा विषय काढताच तोच गालिचा विक्रेत्याच्या तोंडी जेमतेम ऐंशी वर्षांचा झाला! मी वाद घातला नाही, मात्र दाखला मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देणार नाही असे पावतीवरच लिहून घेतले. गालिचा संग्रहालयाच्या तज्ज्ञांपुढे ठेवण्याचे काम दुकानानेच केले. अशा कामासाठी हाती सवडीचे दिवस राखूनच जावे, कारण परतीच्या विमानाची घाई विक्रेत्याच्या पथ्यावर पडते. तज्ज्ञांनी गालिचा पाहिला, बाहेर नेण्यास हरकत नसल्याचा कागद दिला, आणि मगच मी उरलेले पैसे चुकते केले.

गालिचा घडी न घालता लव आतल्या बाजूला ठेवून गुंडाळला, म्हणजे सुरकुतीवर ताणा तुटत नाही. दाखला आणि पावती सामानात न टाकता हातातील पिशवीत ठेवली होती. इस्तंबूलच्या विमानतळावर दाखला मागितला गेला. मुंबईत कस्टमच्या अधिकाऱ्यांनी पावती तेवढी पाहिली.