डाग इथं, गळती तिथं

आज बेळगावच्या उद्यमबागेत एका टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्परचं, म्हणजे राहायच्या गाडीचं, छत उघडलं. डाग मागं पलंगाच्या वरच्या छताला, पाणी शिरत होतं पुढच्या व्हेंटच्या (छतातल्या हवेच्या झरोक्याच्या) कडेनं. पत्र्याखालच्या चॅनेलमधून पाणी लांब वाहत जातं आणि मग टपकतं. त्यामुळं डागाच्या वर सीलंट फासून काही होत नाही.

आतल्या प्लायमध्ये स्क्रूड्रायव्हर सहज घुसला की ते गेलं, रंगानं झाकू नका. भिजलेली ग्लासवूलही फेकायचीच. गंज वायर ब्रशनं चकचकीत पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सी प्रायमर. भोक पडलं असेल तर फायबर मॅट इपॉक्सीनंच बसवा, स्वस्त पॉलिस्टर रेझिन लोखंडावर नीट धरत नाही.

खरी मारामारी जुन्या सिलिकॉन सीलंटशी. पातळ थर जरी राहिला तरी त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट चिकटत नाही. प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) पुसा. व्हेंटच्या फ्लँजखाली (सपाट काठाखाली) ब्युटाइल टेप, म्हणजे रबरी चिकट पट्टी, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे, मग कडेवर आणि स्क्रूच्या डोक्यांवर पीयू. किमान 24 तास हात लावू नका.

नवं प्लाय बसवण्याआधी पाइपनं पाणी मारून बघा, खालून वर सरकत, एकेका जोडावर 10 मिनिटं. आत एकजण टॉर्च घेऊन. मगच 4 मिमी मरीन प्लाय, कापलेल्या कडांना वार्निश लावून.

हे सगळं मृगाच्या आधी उरका. खानापूर, चोर्ला घाटाकडच्या पावसात पत्रा वाळत नाही आणि दमट हवेत इपॉक्सीवर चिकट साय धरते.