आमची वाटचाल : फौंड्रीच्या पॅटर्नपासून विमानाच्या पंख्यापर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडवर आजही 'वुडन पॅटर्न मेकर्स' असाच बोर्ड आहे, वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत. बोर्ड बदलायचा विषय घरात दोन-तीनदा निघाला. पण आज आम्ही हलक्या विमानांचे जे लाकडी पंखे करतो, ते पॅटर्नच्या कामातूनच आलेले आहेत, म्हणून बोर्ड तसाच ठेवला. पंखा म्हणजे प्रोपेलर. ग्राहक प्रोपेलर म्हणतात, दुकानात आम्ही सगळे पंखाच म्हणतो.

बाबांनी १९८६ साली ही शेड भाड्याने घेतली. बेळगाव म्हणजे फौंड्रीचं, ओतकामाच्या कारखान्यांचं गाव. कुठलाही ओतीव भाग करायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न लागतो. तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात. बिडाला मीटरमागे साधारण १० मिलीमीटर, ॲल्युमिनियमला १३ च्या आसपास. त्यासाठी बाबांकडे वेगळी पट्टी होती, तिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा तेवढाच लांब. शिकाऊ पोरांनी त्या पट्टीला हात लावायचा नाही असा नियम होता, कारण एकदा साध्या पट्टीच्या जागी ती वापरली गेली तर अख्खा जॉब वाया जायचा.

मी शाळेतून आलो की माझं काम टेम्पलेट धरण्याचं. पंपाच्या इम्पेलरचं, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाचं, पातं पिळलेलं असतं, ते नुसत्या डोळ्याने तपासता येत नाही. पत्र्याचं टेम्पलेट पात्यावर टेकवायचं, मागे दिवा धरायचा आणि फट कुठे दिसते ते बघायचं. उजेड दिसत नाही तिथे लाकूड टेकलंय, म्हणजे तिथलंच तासायचं. हे बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं, आणि आजही पंखा आम्ही याच पद्धतीने तपासतो.

पुढे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर ॲल्युमिनियमचे आणि रेझिनचे पॅटर्न होऊ लागले. ते टिकतात जास्त, शंभर साचे काढले तरी कडा झिजत नाही. फौंड्रीवाल्यांनी तिकडे वळणं बरोबरच होतं. आमच्याकडे उरले दुरुस्तीचे आणि एक-दोन नगांचे जॉब. सातातले चार कारागीर गेले. त्यातली दोन मुलं हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागली, चांगल्या पगारावर. मी त्यांना अडवलं नाही.

विमान आमच्याकडे आलं ते काकांमुळे. काका नात्यातले नव्हेत. वायुदलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचे कारागीर होते, शेवटची काही वर्षं बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच घर बांधलं. घरामागच्या गोठ्यात २०१३ पासून ते एकच माणूस बसेल असं विमान बांधत होते. नकाशे विकत घेतलेले, काम सगळं स्वतःचं. सांगाडा क्रोमोली या मिश्र पोलादाच्या नळ्यांचा, वर कापडाचं आच्छादन. एचएएल या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक हे हलकं विमान १९५८ साली उडालं, त्याचा सांगाडाही असाच पोलादी नळ्यांचा आणि कापड चढवलेला. काकांना त्याचं फार कौतुक.

पहिल्यांदा मी गेलो तो दोन लाकडी ब्लॉक करून द्यायला. नंतर दर रविवारी जायला लागलो. गोठ्यात तांबड्या रंगाचा एक पत्र्याचा डबा होता. नापास झालेला भाग त्यात जायचा, आणि टाकण्याआधी काका तो करवतीने मधोमध कापायचे. मी विचारलं, ''काका, एवढं चांगलं पोलाद कापून का टाकताय?'' ते म्हणाले, ''आज तुला माहीत आहे हा नापास आहे. सहा महिन्यांनी गडबडीत हाताला लागला तर माहीत असणार आहे काय?'' आता आमच्या दुकानातही तांबडा डबा आहे.

काकांनी मला बोल्ट शिकवला. मी जन्म उद्यमबागेत काढला, तरी मला बोल्ट येत नव्हता. विमानाच्या बोल्टवर आटे फक्त टोकाला असतात. जोडाच्या भोकात बोल्टचा गुळगुळीत भागच बसला पाहिजे, आट्यांवर भार यायला नको. म्हणून जाडी मोजून त्या लांबीचा बोल्ट निवडायचा, जास्तीत जास्त एखादा वॉशर घालून जुळवायचं. फिरणाऱ्या जोडाला खाचांचं नट आणि आरपार पिन. रिव्हेटचंही तसंच: ठोकलेलं डोकं रुंदीला रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंचीला निम्मं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची कापलेली कडा बोटाला लागता कामा नये, कारण तडा ओरखड्यापासून सुरू होतो. कापड चढवल्यावर इस्त्री फिरवून ते ताणतात, आणि इस्त्रीचं तापमान थर्मामीटरने बघतात. प्रत्येक काम वहीत, तारीख आणि सही घालून. मी एकदा आठ बोल्टांची नोंद एका ओळीत केली. काकांनी पान फाडलं नाही, फक्त म्हणाले, ''आठ ओळी लिही की बाळा. गडबड कशाला करूलालास?''

२०१६ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मुंबईला गेलो. मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांचं विमान ठेवलं होतं, कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर बांधलेलं. काका त्याच्या चाकाशेजारी बराच वेळ उकिडवे बसून जोड बघत होते. पुढच्या वर्षी त्या विमानाला व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह मिळालं, त्या दिवशी काकांनी गोठ्यात कुंदा वाटला.

पंख्याचा प्रश्न आला तो इंजिन मिळाल्यावर. इंजिन जुनं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, ६५ हॉर्सपॉवरचं. ते मिनिटाला ६५०० फेऱ्यांवर फिरतं, मधल्या गिअरचं प्रमाण २.५८, म्हणजे पंख्याला मिळतात २५०० च्या थोडे वर. परदेशातून पंखा मागवण्याचा खर्च काकांच्या पेन्शनला झेपणारा नव्हता. त्यांनी कागद बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ''हे इम्पेलरच की रे. फक्त पाती दोन.''

इथे थोडं हिशोबाचं सांगतो, कारण आमच्या धंद्याचं मूळ यात आहे. पंखा म्हणजे हवेत फिरणारा स्क्रू. एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते त्याचं पिच. आमच्या पंख्याचा व्यास दीड मीटर. मध्यापासून ३० सेंटीमीटरवरचा बिंदू एका फेऱ्यात १.८८ मीटर फिरतो आणि टोक ४.७१ मीटर. पण पुढे सरकायचं दोघांनाही सारखंच, म्हणून मुळाजवळ पातं जास्त कललेलं आणि टोकाकडे कमी. पिच ०.९ मीटर धरलं तर ३० सेंटीमीटरवर साडेपंचवीस अंश येतात, टोकाला जेमतेम अकरा. त्या अंशांची दहा टेम्पलेटं कापली की पुढचं काम पॅटर्नवाल्याचं. राइट बंधूंनी १९०३ साली साडेआठ फुटी पंखे स्प्रूसच्या लाकडातून हातानेच तासले होते. तेही मुळात विमानवाले नव्हते, सायकलवालेच होते.

पहिला पंखा फसला. आमच्याकडे दांडेलीच्या डेपोतलं वर्षानुवर्षं वाळलेलं सागवान होतं, बाबांच्या मते त्याच्यासारखं लाकूड नाही. पॅटर्नला ते खरंच आहे. पण पंखा एका ओंडक्यातून करत नाहीत, सहा-सात फळ्या एकमेकींवर चिकटवून करतात, आणि सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे जोड नीट धरत नाही. आम्ही जुलैमध्ये, झडीच्या पावसात, तो चिकटवला. दिवाळीपर्यंत दोन थरांमध्ये नखाएवढी फट दिसली. इंजिनवर चढवण्याआधी दिसली हे आमचं नशीब. किलोभर वजनाच्या पात्याचा गुरुत्वमध्य मध्यापासून ३० सेंटीमीटरवर धरला, तर २५०० फेऱ्यांवर ते पातं दोन टनांहून जास्त ओढीने बाहेर खेचलं जातं. असा जोड सुटला तर समोरच्याचं काय होईल या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. बाबांनी स्वतः तो पंखा कापला.

दुसरा आयात केलेल्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा केला. जोड उत्तम, तोल उत्तम, पण पिच चुकलं. मी १.१ मीटर धरलं होतं. गोठ्यामागे विमान जांभळाच्या झाडाला दोरखंडाने बांधलं, ओढ मोजायला मध्ये ताणकाटा लावला, चाकांपुढे दगड ठेवले, पोराबाळांना लांब पाठवलं आणि इंजिन सुरू केलं. ५४०० फेऱ्यांच्या वर ते जाईनाच. काट्यावर ११८ किलो. त्या पिचचा पंखा ताशी १६५ किलोमीटरच्या विमानाला शोभला असता, आणि आमचं विमान त्या वेगाचं नाही. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, इथली हवा पातळ, त्यामुळे इंजिनही पुस्तकातली पूर्ण ताकद देत नाही. तिसरा पंखा ०.९ चा केला. इंजिन ६२०० वर गेलं आणि काटा १४१ वर थांबला. काकांनी इंजिन बंद करून वहीत दोन्ही आकडे लिहिले, मग माझ्या पाठीवर हात ठेवला. बोलले काहीच नाहीत.

ही गोष्ट २०१७ ची. त्याच वर्षी काकांच्या ओळखीतून पॉवर्ड पॅराग्लायडिंग, म्हणजे इंजिन लावून पॅराग्लायडिंग करणाऱ्या एकाने पंखा मागितला. मग एका इंजिनिअरिंग कॉलेजला छोट्या विंड टनेलसाठी, म्हणजे हवेच्या झोतात चाचण्या घ्यायच्या बोगद्यासाठी, चार पात्यांचा हवा होता. नंतर इंजिन तपासायच्या बेंचसाठी एक. असं करत फौंड्रीच्या दुरुस्तीच्या जॉबपेक्षा पंख्यांचं काम जास्त झालं. सरकारी प्रमाणपत्र असलेल्या विमानाला आमचा पंखा चालत नाही आणि आम्ही तो देत नाही. कुणी जुन्या विमानाला गुपचूप बसवायला मागितला तर साफ नाही म्हणतो. असे दोन मोठे जॉब सोडले आहेत, त्या महिन्यांत पगार उशिरा झाले, तरी नाहीच म्हटलं.

आमचं सगळ्यात मोठं भांडण पावसाशी आहे. बेळगावात जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे लाकडाचं काय सांगायचं. लाकूड १० टक्के ओलाव्याचं घेतलेलं असतं, उघडं ठेवलं तर श्रावणात ओलावा मोजायचा मीटर १८ दाखवतो. म्हणून आता चिकटवण्याचं सगळं काम आम्ही डिसेंबर ते मेमध्ये उरकतो. पावसाळ्यात तासणं, टेम्पलेट आणि हिशोब. तयार पंखा तोलायला दोन धारदार पट्ट्यांवर आडवा ठेवतात; एक पातं हळूच खाली जात असेल तर दुसऱ्यावर वार्निशचा एखादा हात जास्त देतात. हे तोलणं मी भर पावसात कधीच अंतिम मानत नाही.

एका ग्राहकाचा पंखा तीन महिन्यांत थरथरायला लागला. आम्ही घाबरलो, परत मागवला. २०१९ चा ऑगस्ट तो, महापुराने निपाणीच्या पुढे हायवे बंद, पार्सल कोल्हापूरकडे अडकून पडलेलं. आठवड्यानंतर हातात आलं तेव्हा कळलं की ग्राहकाच्या शेडमध्ये पंखा एक पातं वर, एक खाली असा उभा राहिला होता. ओलावा खालच्या पात्यात उतरला होता. तेव्हापासून प्रत्येक पंख्याबरोबर छापील कागद जातो: उभं करताना पाती आडवी ठेवा, टोकाच्या पितळी पट्टीतली बारीक भोकं बुजवू नका, पाणी त्यातूनच बाहेर पडतं, आणि ऋतू बदलला की मधले बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुन्हा तपासा. पावसात लाकूड फुगून बोल्टाखाली दबतं, उन्हाळ्यात आकसतं आणि बोल्ट सैल होतो. कागद मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. कन्नड मजकूर आमच्या लेथवरच्या मिस्त्रींनी तपासून दिला. ते बैलहोंगलचे, आणि पंख्याच्या मधल्या भोकाची मापं त्यांच्याशिवाय कुणी काढत नाही.

आज दुकानात आम्ही पाच जण आहोत. खानापूरकडचे दोन सुतार, मिस्त्री, माझी बायको आणि मी. हिशोबाची आणि कामाची अशा दोन्ही वह्या बायको सांभाळते. कुठल्या पंख्याला कुठल्या फळीचं लाकूड, कुठल्या दिवशी चिकटवलं, त्या दिवशी हवेत ओलावा किती, हे तिच्याकडून दोन मिनिटांत मिळतं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद असताना तिने मागच्या सगळ्या पंख्यांच्या नोंदी एकत्र लावल्या. बाबा आता ऐंशी पार आहेत. पटाशी धरत नाहीत, पण पॉलिशच्या आधी प्रत्येक पात्यावरून तळवा फिरवतात आणि उंचवटा लागला की पेन्सिलने गोल करतात. टेम्पलेटने पास केलेल्या पात्यावरही त्यांनी गोल केलेला आहे, आणि आम्ही पुन्हा दिवा धरला तेव्हा उंचवटा निघाला आहे.

काकांचं विमान अजून उडालेलं नाही. लोक विचारतात, म्हणून सरळ सांगतो. पंख, शेपूट, सांगाडा, इंजिन सगळं बसलंय. तीन वजनकाटे चाकांखाली ठेवून रिकामं वजन आणि गुरुत्वमध्य दोनदा काढलाय. नोंदणी, तपासणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडून, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याकडून, यायची असते, आणि सांबऱ्याला विमानतळ शेजारी असताना कुणी मनाने चाक उचलायचं नसतं. काकांची फाईल माझ्या बायकोनेच लावून दिली आहे. ते त्रागा करत नाहीत. दर महिन्याला आच्छादन काढून विमान उन्हात आणतात.

खंडेनवमीला आम्ही यंत्रं, रंधे, पटाश्या, बाबांची ती लांब मीटरची पट्टी, सगळं धुऊन मांडतो आणि झेंडूची फुलं वाहतो. तिच्या आदल्या दिवशी मी टॉर्क रेंच घेऊन सांबऱ्याला जातो. पाऊस संपलेला असतो, काकांच्या पंख्याचे सहा बोल्ट तपासायची हीच वेळ. यंदा त्यातले चार किंचित सैल निघाले. आवळले, पिन घातल्या आणि वहीत सहा ओळी लिहिल्या.