पान्यावरचे नाव आणि पान्याचा कारखाना

काकांनी गॅरेज बंद केल्यावर त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी माझ्याकडे आली. नट-बोल्ट फिरवायचे तीसेक पाने (स्पॅनर), थोड्या गोट्या (सॉकेट) आणि एक जुना स्क्रू पाना असा तो ऐवज होता. कोणता पाना कोणत्या कारखान्याचा याची वही मी लगेच सुरू केली आणि पहिल्याच पानावर चूक केली. ज्या पान्यांवर ‘१/४ डब्ल्यू’, ‘३/८ डब्ल्यू’ असे ठसे होते, ते सगळे ‘डब्ल्यू’ या आद्याक्षराच्या एकाच कंपनीचे असावेत असे मी धरून चाललो होतो.

तो डब्ल्यू व्हिटवर्थचा होता. ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांच्या (थ्रेडच्या) मापपद्धतीत पान्यावरचा आकडा त्याच्या तोंडाची रुंदी सांगत नाही. ज्या बोल्टच्या डोक्याला तो बसतो, त्या बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. म्हणून १/४ डब्ल्यूच्या पान्याचे तोंड पाव इंच नसून ०.५२५ इंच, म्हणजे सुमारे १३.३ मिलिमीटर भरते. १३ नंबरचा (१३ मिलिमीटरचा) पाना त्या डोक्यावर चढत नाही आणि १४ नंबरचा सैल बसून कोपरे खातो. त्याच पान्यावर बहुधा ‘५/१६ बीएस’ (बीएस म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड) असाही ठसा असतो, कारण बारीक आट्यांच्या ब्रिटिश बोल्टची डोकी एक माप लहान ठेवली जात. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये सामायिक आटे मान्य केल्यानंतर ब्रिटिश मोटारींत ‘एएफ’ मापाचे, म्हणजे समोरासमोरच्या बाजूंमधील खरे अंतर सांगणारे, पाने रुळले. त्यामुळे ब्रिटिश पान्यावर एएफ दिसले की मी त्याला सहसा पन्नाशीच्या दशकाकडे नेऊन ठेवतो. (पान्याचे माप जुळले म्हणजे आटेही त्याच पद्धतीचे असतील, असे मात्र समजू नये. मॉरिस या ब्रिटिश मोटार कंपनीने मूळच्या फ्रेंच हॉचकिस कंपनीचा कॉव्हेंट्रीचा इंजिन कारखाना घेतला होता, आणि तिथल्या इंजिनांत आटे मेट्रिक पण डोकी व्हिटवर्थ मापाची, असा संकर बरीच वर्षे चालू राहिला.)

माप वेगळे काढले की उरतात ती नावे आणि चित्रे. बर्मिंगहॅममधील सॉल्टली येथील थॉमस स्मिथ अँड सन्स यांची छाप गोगलगाय आहे, तर ॲबिंग्डन किंग डिक यांची बुलडॉग. चित्र अर्धे झिजले तरी ओळखू येते, आणि अक्षरांपेक्षा चित्रावर माझा भरवसा अधिक आहे. अक्षरे फसवतात. ‘गेडोरे’ हे नाव जर्मनीतील रेमशाइडच्या डोविडाट बंधूंच्या नावातील अक्षरे जोडून झाले आहे, पण याच नावाचे पाने पुढे भारतातही तयार होऊ लागले, तेव्हा नुसत्या नावावरून पाना जर्मन ठरवता येत नाही. देशाची ओळ शोधावीच लागते. ती ओळ ‘पश्चिम जर्मनी’ अशी असेल, तर पाना १९४९ ते १९९० या काळातला ठरतो. मोटार कंपनीचे नाव तर कारखान्याचे नव्हेच. फोर्डच्या वळणदार अक्षरांतील नाव असलेले मॉडेल टी मोटारीचे पाने अनेक पुरवठादार घडवून देत असत.

माझ्या मते नावापेक्षाही महत्त्वाचे आहे ते नाव पान्यावर कसे आले हे पाहणे. उठावाची अक्षरे घडाईच्या साच्यातूनच येतात, म्हणजे तो मजकूर लोखंड तापलेले असतानाच ठरलेला असतो. खोलगट अक्षरे नंतर ठोकलेली असू शकतात, आणि ती कारखानदाराने, विक्रेत्याने, सरकारी भांडाराने किंवा मालकाने, कोणीही ठोकलेली असतील. ब्रिटिश लष्करी सामानावरचा रुंद बाण हा असाच मालकीचा ठसा आहे. त्याच्याशेजारी पुष्कळदा सालही सापडते, आणि वही भरणाऱ्याला याहून मोठा आनंद नाही.

ठसे वाचण्यासाठी पाना रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा आणि पितळी ब्रशने हलक्या हाताने घासावा. त्यानंतर खोलगट अक्षरांत खडू भरून, अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत आडवा टाकून पाहावे. उठावाच्या अक्षरांवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवली, की डोळ्यांना न दिसणारे वळणही उमटते. विजेवर फिरणारा तारेचा ब्रश मी एकदाच वापरला. गंजाबरोबर ठशाची एक बाजूही गेली आणि वहीतील ती ओळ अर्धवट राहिली.

पेटीतल्या नऊ पान्यांवर, वेगवेगळ्या नावांच्या आणि देशांच्या, मला एका ओळीत तीन खोल टिंबे आढळली. कोणत्या तरी घाऊक व्यापाऱ्याची ती खूण असावी असे समजून मी त्यांचे मोठे चित्र काढले आणि काकांना दाखवले. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिले आणि सांगितले की सेंटर पंच घेऊन ती टिंबे त्यांनीच मारली होती, कारण शेजारच्या गॅरेजवाल्याने नेलेला पाना परत मागताना नाव वाचत बसायला वेळ नसे.