सात तारखेची पिशवी

पुण्यातल्या एका रोस्टरीत, म्हणजे कॉफीच्या बिया भाजून विकणाऱ्या ठिकाणी, मी कॉफी चाखायचं काम करते. माल घेण्याआधी नमुना भाजायचा, दळायचा, कपात घालून भुरके मारायचे आणि घ्यायचा की नाही ते सांगायचं. त्या दिवशी सकाळी साडेसातला शटर उघडायला गेले, तर पायरीवर एक तरुण बसलेला. मांडीवर कापडी पिशवी. चिकमगळूरहून रात्रीच्या बसने आला होता. सहा एकरांची घरची बाग, राबणारे तिघं: तो, बायको आणि आई. त्यांचा नमुना आठवड्यापूर्वीच कुरियरने आला होता आणि आदल्या संध्याकाळी मी तो भाजूनही ठेवला होता. “तुम्ही चाखाल तेव्हा समोर असायचं होतं,” एवढंच तो म्हणाला. आम्ही दोघंही मोडक्या हिंदीत बोलत होतो.

नमुना नॅचरलचा, म्हणजे फळ अख्खंच वाळवून काढलेल्या कॉफीचा होता. दक्षिणेतली चांगली अरेबिका जातीची कॉफी परंपरेनं धुतलेली असते. फळाची साल काढायची, बीवरचा चिकट गर आंबवून धुऊन टाकायचा आणि मग बी वाळवायची. बाजारात तिला प्लांटेशन म्हणतात. फळ अख्खंच वाळवलं की ती चेरी. आणि चेरी म्हणजे वर्षानुवर्षं हंगामाच्या शेवटी झाडावर राहिलेलं, खाली पडलेलं, अंगणात पसरून कसंबसं वाळवलेलं फळ. मी हे काम शिकले तेव्हा चेरीचा नमुना रांगेत शेवटी ठेवायचा, असंच मला शिकवलं होतं. ते मनातून जायला बरीच वर्षं लागली.

या घरानं मात्र लालबुंद पिकलेलीच फळं तोडली होती. जमिनीपासून कमरेइतक्या उंच जाळीच्या माचांवर पातळ पसरून, दिवसातून सात-आठ वेळा हातानं खालीवर करत तीन आठवडे वाळवली होती. फळ कानाशी हलवलं की आत बी खुळखुळायला लागते, तोवर. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळवणं घातलेल्या कुणालाही कळेल हे किती जिकिरीचं आहे. पापड एक दिवस ओला राहिला तर खराब होतो. इथे तर आत साखरेनं भरलेलं फळ आहे.

एका नमुन्याचे आम्ही पाच कप लावतो. प्रत्येकात ८.२५ ग्रॅम कॉफी आणि १५० मिलिलिटर पाणी. पाचही कपांची कॉफी वेगळी मोजायची, वेगळी दळायची. पाणी ओतल्यावर वर जाड साय धरते. चार मिनिटांनी चमच्याच्या पाठीनं ती फोडायची आणि नाक अगदी पाण्याजवळ न्यायचं. पहिल्या कपाची साय फोडली आणि मला जांभळाचा वास आला. भरपूर पिकून जिभेला रंग लावणारं जांभूळ. कप निवत गेला तसा तो वास मागे सरला आणि फणसाचा गरा आला, मग काकवी, आणि अगदी शेवटी आमसुलासारखी एक स्वच्छ आंबट रेघ. दुसरा कप तसाच. मी चमचा खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याच चेहऱ्याकडे बघत होता.

चौथा कप बिघडलेला होता.

तोंडात घेतल्याबरोबर कळलं. आंबून गेलेल्या फळाचा, जवळजवळ व्हिनेगरचा वास, आणि घशात राहणारी चव. पुन्हा घेतला, तेच. एका कपात साधारण साठ-पासष्ट बिया असतात आणि त्यातली एक सडकी बी अख्खा कप नासवते. पाच कप वेगळे लावायचे ते याचसाठी. एकत्र दळलं असतं तर तो दोष पाचांत वाटला जाऊन लपला असता.

मी त्याला सांगितलं. गोड बोलून सांगण्यासारखं ते नव्हतंच. असा माल मी घेऊ शकत नाही, कारण आमच्या गिऱ्हाइकाच्या हातात नेमका तोच कप येऊ शकतो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग पिशवी उघडून त्यानं टेबलावर नऊ पुड्या मांडल्या. प्रत्येकीला कापडाची चिंधी बांधलेली, चिंधीवर बॉलपेननं तारीख. रोजची तोड त्याच्या आईनं वेगळ्या माचावर वाळवली होती, वेगळ्या पोत्यात भरली होती. कुरियरनं आलेला नमुना त्यानं सगळ्या पोत्यांतली मूठ-मूठ एकत्र करून पाठवला होता.

मला त्या क्षणी त्या न पाहिलेल्या बाईंबद्दल जे वाटलं ते अजून तसंच वाटतं. एवढ्या लहान बागेत नऊ दिवसांची तोड नऊ ठिकाणी ठेवायला जागा, माणसं आणि चिकाटी लागते, आणि असं ठेवलं म्हणून कुणी आजवर त्यांना एक रुपया जास्त दिला नव्हता.

भाजल्यावर निदान आठ तास थांबावं लागतं. दुपारी एकपर्यंत नऊ नमुने भाजले आणि संध्याकाळची वाट बघत आम्ही जेवलो. तेव्हा तो आजोबांबद्दल बोलला. १९४२च्या कॉफी कायद्याखाली बागाईतदाराला पीक सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावं लागे. प्रतवारी होऊन गुण मिळत, गुणांवर पैसे, आणि माल हजारो बागांच्या मालात मिसळून जाई. हे बंधन १९९०च्या दशकात टप्प्याटप्प्यानं उठलं. “आजोबांनी आयुष्यभर कॉफी पिकवली. ती कशी लागते हे त्यांना कधीच कुणी सांगितलं नाही,” तो म्हणाला. त्याच्या घरी सगळे गुळाची कॉफी पितात, तीही उरल्यासुरल्या बियांची.

रात्री साडेनऊला पंचेचाळीस कप लावले. या वेळी चमचा त्याच्याही हातात दिला. भुरका जोरात मारायचा, म्हणजे कॉफी फवाऱ्यासारखी टाळ्यावर पसरते, हे त्याला जमायला थोडा वेळ लागला. आठ पुड्या स्वच्छ निघाल्या. तीन तारखेची तर सकाळच्या पहिल्या कपाहूनही सरस होती. सात जानेवारीच्या पुडीत पाचातले दोन कप नासलेले.

“त्या रात्री पाऊस आला होता,” तो म्हणाला. अवेळी पाऊस. माचावर ताडपत्री टाकली आणि सकाळी ऊन येईपर्यंत ती तशीच राहिली. खाली वाफ कोंडली. आई म्हणाली होती की या फळाला ताडीसारखा वास येतोय, हे वेगळं काढ. नुकसान सोसवेना म्हणून त्यानं त्यातलीही मूठ नमुन्यात घातली होती. हे त्यानं मान खाली घालून, पण स्वतःहून सांगितलं.

आठ पोत्यांचा भाव तिथेच ठरला. धुतलेल्या कॉफीला देतो त्याहून जास्त, आणि तीन तारखेचं पोतं वेगळ्या भावानं. अकराची बस होती. मी कप विसळायला घेतले तेव्हा त्यानं सात तारखेचा नासलेला कप बाजूला ठेवायला सांगितला. एव्हाना तो पार गार झाला होता. एक घोट घेऊन तो तसाच थांबला, मग दुसरा घेतला.

“अम्माला नीट सांगता आलं पाहिजे,” तो म्हणाला, आणि कप संपवला.