भूतानच्या पर्यटन धोरणावर सरकारी अधिकाऱ्याची मुलाखत : माझा अनुभव

दिवाळी अंकासाठी भूतानच्या पर्यटनावर लेख लिहायचा होता, तिथल्या सरकारी माणसाची बाजू हवीच होती, म्हणून मार्च २०२४ मध्ये पहिला मेल टाकला आणि व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली थेट जूनच्या शेवटी. मुलाखत चाळीस मिनिटांची. बाकी साडेतीन महिने गेले प्रश्नांच्या यादीत, आणि त्याबद्दलच लिहितोय, कारण अजून ते डोक्यातून जात नाहीये.

आधी थोडं मागचं सांगतो. २०१९ ला आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना काहीच फी नव्हती. डॉलरवाल्या पर्यटकांना दिवसाला २०० ते २५० डॉलरचं पॅकेज घ्यावं लागायचं, त्यात हॉटेल, जेवण, गाडी, गाईड सगळं आलं आणि त्यातले ६५ डॉलर सरकारचे. त्या वर्षी ३ लाख १५ हजारांवर पर्यटक आले होते, तीन चतुर्थांशाहून जास्त भारत, बांगलादेश आणि मालदीवमधले. मग मार्च २०२० ला कोविडमुळे दारं बंद झाली ती २३ सप्टेंबर २०२२ ला उघडली, आणि उघडताना पॅकेजची अट काढून टाकली पण नुसती फीच रात्रीला २०० डॉलर केली. आपल्याला १२०० रुपये. वर्षभरातच, सप्टेंबर २०२३ पासून, २०० चे १०० झाले, ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत. २०२३ मध्ये पर्यटक आले जेमतेम १ लाख ३ हजार.

टायगर्स नेस्ट, म्हणजे पारोजवळचा कड्यावरचा मठ, चढताना आमच्यासोबत होता तो गाईड अडीच वर्षं घरी बसला आणि शेवटी बायकोसोबत पर्थला गेला. त्याच्यासारखे कितीतरी ऑस्ट्रेलियाला गेलेत. मी लेखाचं बोललो तर तो म्हणाला, एकच प्रश्न विचार, त्या फीतलं आमच्यापर्यंत काय पोचतं. तो माझ्या यादीतला नववा प्रश्न होता.

तर यादी. पहिल्या मेलला त्यांच्या ऑफिसातून उत्तर आलं, प्रश्न आधी पाठवा आणि संपादकांचं पत्र जोडा. पत्र दोन दिवसांत मिळालं. मी उत्साहाने १४ प्रश्न पाठवले. आठवडाभराने एक पीडीएफ आली, रंगीत फोटो, 'हाय व्हॅल्यू, लो व्हॉल्यूम' (पर्यटक थोडे, पण जास्त खर्च करणारे, हे त्यांचं धोरण) मोठ्या अक्षरात, आणि खाली एक ओळ की तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं यात आहेत. मी रात्री बसून सगळी वाचली, एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं, १९७४ ला देश पर्यटकांसाठी उघडला इथपासून सुरू होती ती. तसं लिहून कळवलं. तीन आठवडे शांतता. परत मेल, परत शांतता. फोन लावला तर साहेब मीटिंगमध्ये, दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर. मग उत्तर आलं की प्रश्न ६ ची भाषा बदलावी आणि प्रश्न ९ अर्थ खात्याचा विषय आहे, तो काढावा.

सहावा प्रश्न मी असा लिहिला होता, '२०० डॉलरचा निर्णय चुकला हे सरकारला मान्य आहे का?' मी 'चुकला' काढून 'अपेक्षेप्रमाणे चालला नाही' केलं. नापसंत. मग 'फेरविचार का करावा लागला' केलं, तर म्हणे 'करावा लागला' यातून दबाव होता असं वाटतं. एका क्रियापदासाठी बारा दिवस! इकडे संपादक विचारतायत लेख कुठेय. मी एक चिडका मेल लिहिला होता, पाठवला नाही, आणि हे बरं केलं. तुमचाही लिहून झाला असेल तर रात्रभर ड्राफ्टमध्ये ठेवा.

शेवटी एका जुन्या पत्रकार मित्राला फोन केला. त्याने यादी वाचली आणि म्हणाला, अरे तू त्याला त्याच्या वरच्याच्या विरोधात सही करायला लावतोयस, त्याला कळलं तरी तो कसा हो म्हणेल. निर्णयाबद्दल मत विचारू नकोस, निर्णयाआधी टेबलावर काय होतं ते विचार. मग मी लिहिलं, 'सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात कोणती माहिती समोर आली, जिच्या आधारे फी १०० डॉलर ठरली?' आणि सोबत ही फी ज्यात आहे त्या त्यांच्याच २०२२ च्या टुरिझम लेव्ही कायद्याचा उल्लेख केला. दोन दिवसांत मंजूर! प्रश्न तोच आहे हो. मला आनंद झाला आणि रागही आला, कारण हे कुणी मार्चमध्ये सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. नववा मात्र मी गुपचूप काढला, तोंडी विचारायचं ठरवून.

कॉलच्या दिवशी घोळ होता होता वाचला, भूतानचं घड्याळ आपल्यापुढे अर्धा तास असतं, अकरा म्हणजे आपले साडेदहा. हे आधी बघून ठेवा. साहेब घो (तिथल्या पुरुषांचा पारंपरिक पोशाख) घालून, अतिशय नम्र, दर वाक्याला आदराचा 'ला' लावून बोलणारे. ज्याला त्याला 'दाशो' म्हणू नका, तो मान ठरावीक लोकांचाच असतो, 'सर' पुरतं.

पहिली पंधरा मिनिटं पीडीएफमधलंच ऐकलं. मग म्हटलं, सर, हे माझ्याकडे आहे, आपण थेट सहावर येऊ का? आले. आणि चांगलं बोलले, मनापासून. रोजगार, परकीय चलन, अडीच वर्षं रिकामी राहिलेली हॉटेलं, त्यांच्यावरची कर्जं. १०० करून धोरण सोडलंय असं नाही, वेळ घेतलाय, असा त्यांचा सूर. मला ते पटलं. ज्या देशाने राज्यघटनेत ६० टक्के जंगल राखायचं लिहिलंय त्याने गर्दी नको म्हणणं समजू शकतो, आपल्या हिल स्टेशनांची सुट्टीतली अवस्था बघितली की जास्तच समजतं.

अवघड प्रश्न शेवटाला ठेवू नका, शेवटी नेहमी पुढची मीटिंग असते. मी नववा तिसाव्या मिनिटाला विचारला. म्हटलं, पर्यटक सगळे पारो, थिंपू, पुनाखात, मग त्राशिगांगसारख्या पूर्वेकडच्या भागात या फीतलं काय जातं? उत्तर आलं की पैसा सरकारच्या तिजोरीत जातो, त्यातून मोफत दवाखाने, शाळा, रस्ते. मी काही बोललो नाही, गप्प बसलो. चारपाच सेकंदांनी ते स्वतःच म्हणाले, जिल्हावार आकडे मिळाले तर पाठवतो. मी लगेच विचारलं, कधीपर्यंत? म्हणाले, दोन आठवडे. हे 'कधीपर्यंत' विसरू नका, आणि कॉल संपल्यावर तासाभरात आभाराच्या मेलमध्ये ती तारीख लिहून टाका. रेकॉर्डिंगची परवानगीही सुरुवातीलाच तोंडी घ्या, म्हणजे ती रेकॉर्डिंगमध्येच येते.

दोन आठवडे झाले, चार झाले, लेख छापायला गेला. त्या प्रश्नाखाली मी 'आकडे देण्याचं आश्वासन मिळालं, मजकूर छपाईला जाईपर्यंत आले नाहीत' एवढंच लिहिलं. पर्थहून मेसेज आला, काय म्हणाले रे ते? मी त्याला तिसाव्या मिनिटापासूनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने तिजोरीपर्यंतचं ऐकलं आणि विचारलं, तारीख लिहून घेतलीस ना? घेतलीय. दर महिन्याच्या एक तारखेला तोच मेल परत पाठवतोय.