गेमबॉयच्या स्पर्धेत मराठी गेम घेऊन जाणार असाल तर

एम्युलेटरवर (म्हणजे संगणकावर गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) गेम नीट चालला की खऱ्या गेमबॉयवरही, निंटेंडोच्या त्या जुन्या हातातल्या यंत्रावरही, चालणारच, असं जो कोणी सांगेल त्याला लांबूनच नमस्कार करा. ट्युटोरियलवाले सांगतात, व्हिडिओवाले सांगतात, आणि मुदत संपत आली की आपण तोंडघशी पडतो. खाली लिहिलंय ते बरंचसं या एकाच टप्प्याबद्दल आहे. बाकीचा रस्ता सोपा आहे, तो तुमचा तुम्ही काढाल.

आधी गेम बनवायच्या कुठल्या स्पर्धेला जायचं ते ठरवा. नावं सारखी वाटली तरी प्रकरणं वेगळी आहेत. जीबीजॅम बरीच वर्षं होते आहे. तिथे १६० × १४४ पिक्सेलचा पडदा आणि चार रंग एवढं पाळलं की झालं. गेम युनिटीत करा नाहीतर गोडोत (दोन्ही संगणकावर गेम बनवायची आजची साधनं), खऱ्या यंत्रावर चालायची सक्ती नाही. जीबी कॉम्पो हे वेगळं काम. गेमबॉयसाठी हौसेने प्रोग्रॅम लिहिणारी जी जगभरची मंडळी आहेत, त्यांनी ती २०२१ आणि २०२३ साली भरवली. तिथे खराखुरा रॉम (कार्ट्रिजमध्ये भरायची गेमची फाइल) लागतो, १९८९ च्या यंत्रात घातला तर चालेल असा. मुदतही त्या मानाने भरपूर, पावसाळाभर पुरणारी. ही मुदत बघूनच माणूस फसतो. गेमबॉय अॅडव्हान्सवाल्यांची जीबीए जॅम निराळी. तिच्या वाटेला आम्ही गेलो नाही, त्यामुळे तिच्याबद्दल मला विचारू नका.

माझं स्पष्ट मत: पहिल्यांदाच जात असाल तर जीबीजॅम करा आणि सुखाने झोपा. आम्ही २०२३ च्या कॉम्पोला गेलो, कारण भाच्याने कुठेतरी वंडरस्वानची गोष्ट वाचली होती. बंदाईच्या त्या जपानी हँडहेल्डसाठी २००० साली वंडरविच नावाचा किट निघाला, त्यावर कोणीही घरी बसून गेम लिहू शकत असे. त्याची स्पर्धाही भरायची. २००१ सालची स्पर्धा जिंकलेला ‘जजमेंट सिल्व्हरसोर्ड’ हा विमानांच्या गोळीबाराचा गेम पुढे २००४ मध्ये रीतसर कार्ट्रिज होऊन दुकानात आला. “मामा, आपलं पण असं होऊ शकतं.” होऊ शकतं म्हणजे काय, काहीही होऊ शकतं. निघालो.

गेम होता मुक्कामी एसटीच्या कंडक्टरचा. रात्रीची गाडी, सुट्ट्या पैशांची बोंब, कोण कुठे उतरणार ते लक्षात ठेवायचं, आणि सगळं संभाषण मराठीत. इथून पुढे तुम्हाला सी भाषा येते, हेक्स आकडे बघून घाबरायला होत नाही आणि इंग्रजी कागदपत्रं वाचायचा कंटाळा नाही असं धरून चालतो. सामान सगळं फुकट मिळतं: सी भाषेसाठी जीबीडीके-२०२०, असेंब्लीसाठी आरजीबीडीएस, आवाजासाठी ह्यूजट्रॅकर, आणि यंत्राची संपूर्ण माहिती देणारे पॅन डॉक्स. पॅन डॉक्सची पानं छापून घ्या. पडद्यावर वाचून डोक्यात शिरत नाहीत. जीबी स्टुडिओ चांगला आहे, कोड न लिहिता गोष्टीचा गेम उभा राहतो. पण त्याचा फॉण्ट ८ × ८ च्या खाचांमध्ये बसवायचा असतो. त्या खाचेत ‘A’ बसतो. ‘र्की’ बसत नाही. मराठी हवी असेल तर जीबी स्टुडिओ विसरा.

देवनागरीचं गणित असं. पडदा २० टाइल रुंद, १८ टाइल उंच. टाइल म्हणजे ८ × ८ पिक्सेलचा चौकोन. आठ पिक्सेलच्या उंचीत शिरोरेखा, वर वेलांटी-अनुस्वार, खाली उकार हे सगळं कोंबलं तर मुंग्यांची रांग दिसते. १६ पिक्सेल उंची घ्यावीच लागते, म्हणजे एका ओळीला ४० टाइल्स. जोडाक्षरं यंत्रावर जुळवायच्या फंदात पडू नका. ज्या यंत्राला कामाची मेमरी ८ केबी आहे, त्याला रफार कुठे चढवायचा ते शिकवत बसण्यात अर्थ नाही. सगळ्या ओळी आधीच लॅपटॉपवर पायथनने रंगवून, काळ्या-पांढऱ्या चित्राच्या रूपात रॉममध्ये टाका. एक ओळ ३२० बाइट्सची होते. २०० ओळी म्हणजे ६४,००० बाइट्स, १६ केबीच्या चार बँकांत (रॉमच्या कप्प्यांत) जेमतेम बसतात. रॉम मोठा झाला म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

इथवर सगळं छान. कंडक्टर चालतोय, घंटी वाजतेय, भाच्याने काढलेली लाल गाडी चार करड्या छटांतही लाल वाटतेय. या मजेच्या आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

मग आम्ही गिरगावात एका काकांकडे गेलो. त्यांच्याकडे मूळचा, जाडजूड, चार पेन्सिल सेलवर चालणारा गेमबॉय आहे, आणि मुख्य म्हणजे तो चालू आहे. फ्लॅश कार्टमध्ये (आपला रॉम भरता येतो अशा कार्ट्रिजमध्ये) रॉम घातला, बटण सरकवलं, लोगो खाली आला, टिंग वाजलं, आमची गाडी दिसली. मग पहिला प्रवासी बोलला.

“मिरजेला कोण उतरणार?” हे वाक्य यायला हवं होतं. आलं ते असं: शिरोरेखेचे तुकडे तुकडे, मधे पांढऱ्या फटी. ‘मि’ची वेलांटी हवेत तरंगतेय आणि दांडा गायब. ‘जे’च्या पोटातून आधीच्या ओळीतल्या ‘ठ’ची गोलाई डोकावतेय. पुढचं वाक्य आणलं तर फटी दुसरीकडे. परत सुरू केलं तर तिसरीकडे.

“काका, एम्युलेटरवर एकदम नीट येतं हो.”

“एम्युलेटरवर सगळंच येतं रे,” काका म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

हाच तो टप्पा. नीट वाचा.

गेमबॉयचा पडदा पिक्सेलच्या १४४ आडव्या ओळींचा, पण यंत्र मोजतं १५४. शेवटच्या दहा ओळींच्या वेळात ते काहीच काढत नाही, नुसतं थांबतं. या थांब्याला व्हीब्लँक म्हणतात. तो जेमतेम १.१ मिलिसेकंदांचा असतो, प्रोसेसरच्या हिशेबात ११४० मशीन सायकल्स (ठोके म्हणा), आणि सेकंदाला साठएक वेळा येतो. चित्राची मेमरी बिनघोर वापरता येते ती एवढ्याच वेळात. पेठेत नळाला पाणी असेपर्यंत हंडे भरून घ्यायचे, तसला प्रकार. व्हीब्लँक संपला आणि यंत्र एखादी ओळ पडद्यावर काढत असलं, की तुम्ही चित्राच्या मेमरीत जे लिहाल ते सरळ फेकून दिलं जातं. एरर नाही, थांबणं नाही, काही नाही. तो बाइट पोचलाच नाही, आणि तुमच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नाही.

आम्ही ज्या ट्युटोरियलवरून अक्षरं पाठवायचं काम शिकलो, त्यात लिहिलं होतं, “व्हीब्लँकची वाट बघा आणि मग कॉपी करा.” किती कॉपी करा ते लिहिलं नव्हतं. चित्राच्या मेमरीत ४० टाइल्स म्हणजे ६४० बाइट्स, रॉममधल्या काळ्या-पांढऱ्या ओळीच्या दुप्पट, कारण इथे चार छटांची जागा लागते. हाताने लिहिलेल्या असेंब्लीतही एक टाइल साधारण १०० सायकल्स खाते. चाळिसाचे झाले ४०००. थांबा ११४० चा. म्हणजे सुरुवातीची दहा-अकरा अक्षरखंडं व्हीब्लँकमध्ये जातात आणि उरलेली पडद्यावर चित्र काढणं चालू असताना घुसायला बघतात. काही ओळींच्या मधल्या फटीत सापडून पोचतात, काही वाया जातात. म्हणून ती चाळण. ज्या जुन्या, सगळीकडे सुचवल्या जाणाऱ्या एम्युलेटरवर आम्ही चाचणी करत होतो, तो हे बंधन पाळतच नाही. कधीही लिहा, घेतो. असला दयाळू एम्युलेटर काय कामाचा?

सुटका दोन प्रकारे होते. जीबीडीकेचं स्वतःचं टाइल पाठवणारं फंक्शन वापरलंत तर ते लिहिण्याआधी मेमरी मोकळी आहे का बघतं. सुरक्षित आहे, पण रेंगाळतं. दुसरा मार्ग म्हणजे हप्ते पाडायचे. ११४० मधून स्प्राइट (पडद्यावर हलणारी छोटी चित्रं) हलवायच्या डीएमएचे, म्हणजे यंत्राच्या थेट कॉपीचे, १६० काढा, स्क्रोल आणि इतर किडूकमिडूक काढा, उरलेल्यात एका फ्रेमला (पडदा एकदा काढायच्या फेरीला) आठ टाइल्स निवांत बसतात. मजकुराची पूर्ण ओळ पाच फ्रेममध्ये येते, म्हणजे सेकंदाच्या बाराव्या भागात. खेळणाऱ्याला वाटतं अक्षरं मुद्दाम सरसर उमटवली आहेत. आम्हाला दोघातिघांनी तसं कौतुकाने सांगितलंही, आम्ही मान डोलावली.

आणि हे सगळं काकांकडे न जाताही कळलं असतं, जर कोणी एक ओळीत सांगितलं असतं: बीजीबी नावाचा एम्युलेटर घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये एक्सेप्शन्सचं पान उघडा, चित्राच्या मेमरीत चुकीच्या वेळी लिहिलं की थांब, ही खूण करा. तिथेच न भरलेली मेमरी वाचली की थांब, अशीही खूण आहे, तीही करा. खऱ्या यंत्रात बटण लावताना मेमरीत कचरा असतो, शून्यं नसतात. सेमबॉय आणि एम्युलिशियस हेही कडक आहेत. या तिघांपैकी दोघांवर तरी चालल्याशिवाय गेम पूर्ण झाला असं म्हणू नका, आणि तरीही खऱ्या यंत्रावर एकदा बघाच.

बघायला यंत्र कुठून आणायचं? आपल्याकडे नव्वदीत घराघरांत होता तो ‘९९९९ इन १’ चा ब्रिक गेम. गेमबॉय आला तो कोणाच्या तरी दुबईच्या काकांच्या बॅगेतून. त्यामुळे जुना माल कमी आणि भाव मनाला येईल तो. लॅमिंग्टन रोडला आम्ही अख्खी दुपार घालवली. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत पाच मिनिटं. गेमबॉय विचारला की निम्मे दुकानदार चिनी ‘४०० इन १’ काढून दाखवतात. “शेठ, यात मारिओपण आहे.” त्यात तुमचा रॉम जात नाही, घेऊ नका. एका ठिकाणी खरा गेमबॉय होता, बॅटरीच्या कप्प्यात पत्र्यावर हिरवा गंज, पडद्यावर उभ्या रेषा मेलेल्या, आणि किंमत चालू असलेल्या यंत्राची. उभ्या रेषा गेल्या असतील तर पडद्याच्या खालच्या पट्टीवर सोल्डरिंग आयर्न जपून फिरवून त्या बऱ्याचदा परत येतात, तेव्हा तेवढ्यावरून नाही म्हणू नका, भाव पाडायला वापरा. गंज आत बोर्डापर्यंत गेला असेल तर मात्र उठा. उघडून बघायला तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर सोबत न्या. मोबाइलच्या किटमधली वाय टीप बारीक पडते, त्या नादात स्क्रू घासला जातो.

आता फ्लॅश कार्टचं. ती बाहेरून मागवावी लागते आणि खरी लूट इथे आहे. वस्तूची किंमत मान्य, सरकारी ड्यूटीही मान्य. पण कुरिअरवाल्याच्या बिलावर ड्यूटीच्या खाली ‘ड्यूटी आगाऊ भरल्याबद्दल’ वेगळी फी, त्याखाली हाताळणीची फी, आणि या फियांवर जीएसटी. दारात माणूस उभा, ऑनलाइन भरा नाहीतर पार्सल परत. भरले. तुम्ही मागवताना विक्रेत्याला साध्या रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायला सांगा. उशीर होतो, पण पोस्टमन असली नाटकं करत नाही. म्हणजेच कार्ट स्पर्धा जाहीर व्हायच्या आधी मागवून ठेवा, सुरू झाल्यावर नाही. एखाद्या मित्राच्या कंपनीतलं कोणी परदेशातून येणार असेल तर लाज सोडून सांगा. काडेपेटीएवढी वस्तू आहे.

खऱ्या पडद्याबद्दल आणखी एक. मधल्या दोन छटा जुन्या हिरवट पडद्यावर संध्याकाळच्या उजेडात सारख्याच दिसतात, आणि हलणारी बारीक रेघ मागे शेपूट सोडते. अक्षरं सगळ्यात गडद छटेत सगळ्यात फिक्या छटेवर ठेवा, आणि मराठी मजकूर सरकवू नका, पानासारखा बदला. स्प्राइटही एका आडव्या ओळीत दहाच दिसतात, अकरावा गायब होतो. आमच्या गाडीतला मागच्या बाकावरचा प्रवासी असाच गायब होत होता, शेवटी त्याला दुसऱ्या बाकावर बसवला.

गेम पाठवताना इंग्रजी भाषेचा पर्याय पहिल्याच पडद्यावर द्या. परीक्षकांना आणि बाकी स्पर्धकांना मराठी येत नाही, आणि मेनूत खोल लपवलेला पर्याय कोणी शोधत नाही. ब्राउझरमध्ये खेळता येईल अशी आवृत्तीही चढवा, नुसता रॉम ठेवला तर फार थोडे लोक उतरवून घेतात. मुदतीची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दिली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. पण ते साडेपाच तास नवीन काही घालायला वापरू नका. रॉमचा हेडर (सुरुवातीची ओळखीची माहिती) तपासा, तो दुरुस्त करणारं आरजीबीडीएसमधलं आरजीबीएफिक्स चालवलंत का बघा. लोगोचे ४८ बाइट्स किंवा हेडरचा चेकसम (बेरजेचा पडताळा) चुकला तर खरं यंत्र लोगोच्या पुढे जातच नाही.

निकालात आम्ही वरच्या पानावर नव्हतो. भाचा पुढच्या वेळी गेमबॉय कलर म्हणतोय, त्यात प्रोसेसर दुप्पट वेगाने पळवता येतो. मी त्याला आधी बीजीबीतल्या त्या दोन खुणा लावल्यास का विचारलं. लावल्यात म्हणे.