शेजारी फुल, रस्ता मात्र गायब

शाखेत नवे कॅमेरे बसले, पण मुख्यालयातून एकही दिसेना. दोन्ही राउटर सिस्कोचे, मध्ये गिगाबिट लिंक, दोघेही ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) एरिया १० मध्ये. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ मारलं तर स्टेट फुल, म्हणजे दोन्ही शेजारी राउटरांची माहिती जुळलेली. डेड टायमर (हॅलो आला नाही तर शेजारी गेला असं धरायची उलटी मोजणी) ३० च्या आसपास उतरून पुन्हा ४० वर जात होता, म्हणजे दर १० सेकंदांचे हॅलो नीट येत होते. इथवर आलं की सगळ्यांची बोटं फायरवॉलकडे वळतात.

मुख्यालयाच्या राउटिंग टेबलात कॅमेऱ्यांचं १०.२०.३२.०/२४ नव्हतंच. शाखेच्या राउटरवर मात्र ते ‘सी’ (कनेक्टेड, थेट जोडलेलं) लावून बसलेलं, म्हणजे इंटरफेस अप होता. तरी ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस ब्रीफ’मध्ये त्याचा इंटरफेस, व्हीलॅन ३२, सापडेना.

कॉन्फिगमधली ओळ अशी होती: ‘नेटवर्क १०.२०.१६.० ०.०.१५.२५५ एरिया १०’. वाइल्डकार्डमध्ये (पत्त्याचा कुठला भाग बदलला तरी चालेल ते सांगणारा ०.०.१५.२५५) १५, म्हणजे तिसरा आकडा १६ ते ३१. बत्तीस एका घराने बाहेर! या कमांडचं नावच फसवं आहे. ती ‘हे नेटवर्क जाहीर कर’ असं सांगत नाही. ज्या इंटरफेसचा आयपी या टप्प्यात बसतो, त्यावर ओएसपीएफ चालू होतं आणि मग त्या इंटरफेसचा सबनेट, त्याच्या स्वतःच्या मास्कसह, जाहीर होतो.

आदल्या रात्री कुणीतरी ‘रीडिस्ट्रिब्यूट कनेक्टेड’ (थेट जोडलेली नेटवर्कं बाहेरून ओएसपीएफमध्ये ओतणारी ओळ) टाकून ठेवलं होतं. आयओएस (सिस्कोच्या राउटरची सिस्टिम) जुनं, पुढे ‘सबनेट्स’ लिहिलं नाही तर ते फक्त क्लासफुल (जुन्या वर्गवारीतली अखंड, दहाचं /८ तशी) नेटवर्कं नेतं. दहाच्या घरातलं /२४ त्यात कुठून जाणार? ‘सबनेट्स’ जोडून काम भागलं असतं, पण ओएसपीएफबाहेरचं सगळं कनेक्टेड, अगदी इंटरनेट लिंकचं /३० सुद्धा, ई२ (बाहेरून आणलेला रस्ता) म्हणून मेट्रिक (रस्त्याची किंमत) २० ने मुख्यालयात पोचलं असतं. ती ओळ काढली.

आधी ‘पॅसिव्ह-इंटरफेस व्हीलॅन ३२’ टाकलं, कारण कॅमेऱ्यांना हॅलो ऐकवून उपयोग नाही. पॅसिव्हने हॅलो थांबतात, सबनेट जाहीर होतच राहतो. मग ‘नेटवर्क १०.२०.३२.० ०.०.०.२५५ एरिया १०’. काही सेकंदांत मुख्यालयात ‘ओ’ (ओएसपीएफचा रस्ता) उमटला, [११०/२], म्हणजे ओएसपीएफचा प्राधान्य-आकडा ११०, मेट्रिक २.

गेटवेला पिंग लागलं, कॅमेरे आले. एक सोडून. त्याच्या गेटवेत १०.२०.३१.१ टाइप झालं होतं.